जुनी जॅझ ध्वनिमुद्रणे निवडताना आणि वाजवताना या चुका टाळा

१९३५ ते १९६५ या काळातील जॅझ गायन, बिग बँड आणि चित्रपटसंगीत नव्याने ऐकू लागलेल्या श्रोत्याची पहिल्याच खरेदीत निराशा झाली, तर तो बहुधा गायकाला, वाद्यवृंदाला किंवा त्या काळच्या तंत्राला दोष देतो. पुष्कळदा त्याच्या हाती भलतेच ध्वनिमुद्रण आलेले असते, किंवा योग्य ध्वनिमुद्रणाची बिघडवलेली प्रत आलेली असते. म्हणून मत बनवण्यापूर्वी हे ध्वनिमुद्रण कोणत्या तारखेचे आहे, कोणत्या कंपनीने केले आणि हाती आलेली प्रत कशावरून उतरवली, हे पाहून घेतले पाहिजे.

नाव जुळले म्हणजे ध्वनिमुद्रण जुळले असे मानणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. फ्रँक सिनात्रा १९५३ ते १९६१ या काळात कॅपिटॉल कंपनीसाठी गात होते आणि नेल्सन रिडल यांच्या संयोजनातील त्यांचे उत्कृष्ट गायन याच काळातले आहे. १९६० मध्ये त्यांनी रिप्राइज ही स्वतःची कंपनी काढली आणि १९६३ मध्ये आपली अनेक गाजलेली गाणी तिथे पुन्हा गायली. दोन्ही ध्वनिमुद्रणे अस्सल आहेत. परंतु आवाजाचा पोत, लय आणि शब्दफेक यांत जाणवण्याजोगा फरक आहे, आणि एकाची ख्याती ऐकून दुसरे विकत घेणारे पुष्कळ आहेत.

बिग बँडच्या बाबतीत घोटाळा आणखी वाढतो. ग्लेन मिलर डिसेंबर १९४४ मध्ये विमानप्रवासात बेपत्ता झाले, पण त्यांच्या नावाचा वाद्यवृंद १९५६ मध्ये रे मॅकिन्ली यांच्या नेतृत्वाखाली नव्याने उभा राहिला. त्यामुळे वेष्टनावर मिलर यांचे नाव आणि त्याशेजारी ‘स्टिरिओ’ असा शिक्का दिसला, तर आतील वादन बहुधा नंतरच्या मंडळींचे असते. याला एक सुंदर अपवाद आहे. १९४१ आणि १९४२ च्या ज्या दोन चित्रपटांत मिलर स्वतः आपल्या वाद्यवृंदासह झळकले, त्यांचे संगीत वेगवेगळ्या मायक्रोफोनांवरून स्वतंत्र पट्ट्यांवर मुद्रित झाले होते. त्यामुळे त्यातील काही वादन पुढे खऱ्या स्टिरिओत उतरवता आले.

तारीख तपासताना अमेरिकन संगीतकार संघटनेचा बहिष्कारही ध्यानात ठेवावा. १ ऑगस्ट १९४२ पासून वादकांनी व्यापारी ध्वनिमुद्रण थांबवले. डेका या ध्वनिमुद्रण कंपनीने १९४३ मध्ये संघटनेशी समझोता केला. व्हिक्टर आणि कोलंबिया या कंपन्यांनी मात्र नोव्हेंबर १९४४ पर्यंत तो केला नाही. वाद्यवृंदप्रमुख ड्यूक एलिंग्टन तेव्हा व्हिक्टरकडे होते. त्यांचे १९४३ मधील वादन हाती आले, तर ते मैफलीचे, रेडिओ प्रक्षेपणाचे, रेडिओ केंद्रांसाठी काढलेल्या खास तबकड्यांचे किंवा सैनिकांसाठीच्या व्ही-डिस्कचे असणार, आणि त्याचा आवाज त्याच निकषाने तोलला पाहिजे.

‘प्रत्यक्ष मैफलीत मुद्रित’ या उल्लेखावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. न्यूपोर्ट महोत्सवात ७ जुलै १९५६ च्या रात्री एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील पॉल गोन्साल्विस यांनी सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तने वाजवली, पण ते ध्वनिमुद्रण कंपनीच्या नव्हे, तर व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या मायक्रोफोनसमोर उभे होते. त्या वर्षीच्या तबकडीतील बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून त्यावर टाळ्या चढवलेल्या होत्या. व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडल्यावर १९९९ मध्ये निघालेल्या आवृत्तीत ती रात्र खऱ्या अर्थाने ऐकू येते. माझ्या मते नव्या श्रोत्याने तीच आवृत्ती आधी घ्यावी.

तबकडीवर चित्रपटातलेच संगीत आहे असे गृहीत धरणे

हेन्री मॅन्सिनी आपल्या चित्रपटसंगीताच्या तबकड्यांसाठी आरसीए व्हिक्टरच्या स्टुडिओत तेच संगीत पुन्हा बांधून वाजवत असत. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ची १९६१ मधील तबकडी अशीच आहे. ऑड्री हेपबर्न यांनी खिडकीत बसून गायलेले ‘मून रिव्हर’ त्यात नाही. ते त्यांच्या निधनानंतर, १९९३ मध्ये तबकडीवर आले. याउलट ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांनी डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच दिग्दर्शक लुई माल यांच्या चित्रपटातील दृश्ये पाहत जे वाजवले, तेच चित्रपटात वापरले गेले. प्रसंगातला आवाजच हवा असेल, तर चित्रपटासाठीच्या मूळ टेपवरून काढलेली आवृत्ती आहे का, हे पाहावे.

बनावट स्टिरिओ चांगला समजणे

स्टिरिओ तबकड्या १९५८ मध्ये बाजारात रुळल्या. त्यानंतर मोनो, म्हणजे एकाच वाहिनीच्या, तबकड्यांचा खप घसरू लागला, तेव्हा कंपन्यांनी जुन्या मोनो टेपवर प्रक्रिया करून खालचे स्वर एका बाजूला, वरचे दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये किंचित विलंब किंवा प्रतिध्वनी अशी कृत्रिम विभागणी केली. कॅपिटॉलने तिला ‘ड्युओफोनिक’ असे नाव दिले. गायिकेचा आवाज पोकळ आणि दूर गेल्यासारखा वाटत असेल, तर हेच कारण शोधावे. अशा प्रती टाळून मोनो प्रत घ्यावी. अशी प्रत आधीच घरात असल्यास ॲम्प्लिफायर मोनोवर ठेवूनही पोकळपणा पूर्णपणे जात नाही, कारण विलंबाने आलेला आवाज मूळ आवाजात मिसळून काही स्वर खातो. केवळ एकाच बाजूचा आवाज दोन्ही स्पीकरना देऊन पाहिल्यास कधीकधी बरा परिणाम मिळतो.

एकच सुई आणि एकच वेग सगळीकडे वापरणे

मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकडीचा (‘७८’) चर रुंद असतो आणि त्याला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. एलपीची, म्हणजे नंतरच्या विनाइल तबकडीची, सुई त्या चराच्या तळाशी साचलेल्या धुळीत घासत जाते आणि खरखर वाढते. उलट ७८ ची सुई एलपीवर ठेवल्यास एलपीचा चर कायमचा खराब होतो. शिवाय १९५४ च्या सुमारास आरआयएए हे स्वरांच्या समतोलाचे समान मानक रूढ होण्यापूर्वी प्रत्येक कंपनी स्वरांचा समतोल आपल्या पद्धतीने राखत असे, म्हणून आजच्या फोनो जोडणीतून जुन्या तबकड्यांचा आवाज दबलेला वाटल्यास वरचे स्वर थोडे वाढवावेत. जुन्या तबकडीची खरखर संगणकावर पूर्ण पुसण्याचा मोह मात्र आवरावा, कारण तिच्याबरोबर ड्रमवरच्या ब्रशची सळसळ आणि गायिकेचा श्वासही जातो.

वेगाची चूक भारतात सहज होते. अमेरिकेत छापलेली स्ट्रोब चकती (दिव्याखाली रेषा स्थिर दिसल्या की वेग बरोबर, असे सांगणारी) ६० हर्ट्झ विजेसाठी असते आणि ७८ साठी तिच्यावर ९२ रेषा असतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने ७७ रेषांची चकती घ्यावी. अन्यथा रेषा स्थिर दिसत असतानाही तबकडी मिनिटाला केवळ ६५ फेरे फिरत असते आणि ट्रम्पेटचा स्वर सुमारे तीन अर्धस्वर खाली उतरतो. अनेक एलईडी दिवे विजेच्या लहरीबरोबर लुकलुकत नाहीत, म्हणून ही तपासणी जुन्या पद्धतीच्या निऑन दिव्याखाली करावी. लाखेची तबकडी स्पिरिट किंवा अल्कोहोल असलेल्या द्रवाने कधीही पुसू नये, कारण लाख त्यात विरघळते. स्वच्छ पाण्यात सौम्य साबणाचे थेंब घालून मऊ ब्रशने चराच्या दिशेने धुवावी आणि कागदी लेबल कोरडे ठेवावे.