मुलं देवाबद्दल विचारतात तेव्हा या चुका टाळा

"देवाला कोणी बनवलं?" "देव सगळीकडे आहे, म्हणजे बाथरूममध्येपण?" "बाबा हात का जोडत नाहीत?" चार ते आठ वर्षांच्या मुलांना हे प्रश्न पडतात आणि पडायलाच हवेत. आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मी मुलांना श्लोक आणि गोष्टी शिकवते. मुलांचे प्रश्न ऐकून जितका आनंद होतो, तितकाच घरी मिळालेली उत्तरं त्यांच्या तोंडून ऐकून जीव तुटतो. घरं वेगळी, चुका मात्र त्याच.

मृत्यूचं कारण देवावर ढकलणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "आजोबा देवाघरी गेले" इथपर्यंत ठीक. पण मूल विचारतं, "का गेले?" मग रडू आवरत कुणीतरी म्हणतं, "चांगली माणसं देवाला आवडतात ना, म्हणून बोलावून घेतलं."

वर्गात साडेपाच वर्षांचा एक मुलगा यायचा. शांत, समजूतदार. आजोबा गेले आणि महिन्याभरात तो ओळखू येईना. वह्या फाडायचा, धाकट्यांना चिमटे काढायचा, हातात ठेवलेला प्रसाद फेकून द्यायचा. दुःखामुळे करतोय, असंच सगळे धरून चालले होते. एकदा त्यानं एका मुलीचे खडू मुद्दाम मोडले, तेव्हा मी त्याला बाजूला घेतलं. रागावले नाही, नुसती शेजारी बसून राहिले. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मी चांगला वागलो तर देव मलापण नेईल."

त्याच्या आईला हे सांगितलं तेव्हा तिला आणखी एक गोष्ट उलगडली. ती वॉचमनकाकांना चहा देऊन आली की हा तिच्यावर ओरडायचा. तिनंही चांगलं वागू नये, म्हणून.

मी अशा वेळी दोन गोष्टी वेगळ्या ठेवते. आधी शरीराचं सांगते: "आजोबांचं हृदय आजारी होतं, ते बंद पडलं. ते आता परत येणार नाहीत." मग श्रद्धेचं: "आपल्या घरी असं मानतात, की ते आता देवाजवळ आहेत." 'आजोबा झोपलेत' असं चुकूनही म्हणू नका, मूल रात्री डोळे मिटायला घाबरतं. आणि हे एकदा सांगून भागत नाही. त्या मुलाची आई कित्येक महिने त्याला समजावत राहिली, की आजार चांगला-वाईट माणूस बघून येत नाही.

मुलानं मरणाबद्दल विचारलं की "अशुभ बोलू नये" म्हणणाऱ्यांनी कठोपनिषदातला नचिकेत आठवावा. वडील दूध आटलेल्या, थकलेल्या गायी दान देत होते. ते त्याला खटकलं. "मला कुणाला देणार?" असं त्यानं तीनदा विचारलं, तेव्हा वडील चिडून म्हणाले, "मृत्यूला!" तो खरंच यमाच्या घरी गेला, तीन रात्री उपाशी थांबला आणि तिसऱ्या वरात त्यानं विचारलं, मेल्यावर माणूस उरतो की नाही? यमानं हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य देऊ केलं, तरी मुलगा प्रश्नावरून हलला नाही. ज्या परंपरेनं हा मुलगा इतक्या मानानं जपला, तिच्याच नावानं आपण मुलांची तोंडं बंद करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

देवाला पोलीस बनवणं

"खोटं बोललास तर बाप्पा कान कापेल." हे आजच बंद करा. ज्याची भीती वाटते, त्याच्याबद्दल मूल मोकळेपणानं विचारत नाही.

चमत्कार घडवून आणणं

बाळ नामदेवाच्या हातचा नैवेद्य विठ्ठलानं खाल्ला, ही गोष्ट ऐकून मूल देवासमोर ताट ठेवून बसतं. त्याचा हिरमोड नको म्हणून आई हळूच एक मोदक उचलते. हा शॉर्टकट मला अजिबात मान्य नाही. मूल आज ना उद्या ते पाहतंच आणि मग तुमच्या बाकीच्या शब्दांवरूनही त्याचा विश्वास उडतो. "आपण देवाला दाखवतो, त्याची आठवण ठेवतो आणि मग सगळे मिळून खातो" एवढं खरं उत्तर पाच वर्षांच्या मुलाला सहज पुरतं.

विसर्जनाचंही तेच. "बाप्पा गावाला गेला" असं सांगायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुलाला चौपाटीवर न्यायचं. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे तिथे तुटलेले हात आणि सोंडा पडलेल्या दिसतात. मग मूल काय समजेल? त्यापेक्षा आधीच सांगा, की प्राणप्रतिष्ठा करून आपण मूर्तीत देवाला बोलावलं, उत्तरपूजा करून निरोप दिला, आता उरली ती माती. शाडूची मूर्ती घरीच बादलीत विसर्जित करून तो गाळ मुलाच्या हातानं कुंडीत घालून घेते, ही माझी सवय.

अडचणीचा प्रश्न गोड करून टाळणं

पंढरपूरला विठ्ठलाच्या देवळाबाहेर, नामदेव पायरीसमोर संत चोखोबांची समाधी आहे. आमच्याबरोबरच्या सात वर्षांच्या मुलीनं विचारलं, "एवढे लाडके होते, तर बाहेर का?" तिचे काका म्हणाले, "त्यांना नम्रपणे बाहेरच राहायला आवडायचं." त्यावर ती म्हणाली, "मग विठ्ठल का नाही बाहेर आला?"

काका गप्प झाले. मी तिला पायरीजवळच खरं काय ते सांगितलं. चोखोबांना माणसांनी आत येऊ दिलं नाही, त्यांच्या जातीमुळे. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथे आणल्या. पुढे १९४७ साली देऊळ सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी पंढरपुरातच उपोषण केलं. तू विठ्ठलाला विचारतेस, तसा जाब चोखोबांनीही अभंगांतून त्याला विचारला आहे. ती संध्याकाळपर्यंत विचारतच होती आणि त्यातल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं आम्हा कुणाजवळच नव्हती. पण देवाच्या नावानं माणसं अन्याय करतात, हे मुलाला घरच्या माणसांकडून कळावं. काकांच्या उत्तरानं अन्याय झाकला गेला असता आणि दोष मात्र विठ्ठलाच्या माथी बसला असता.

आता भराभर काही. मित्राच्या घरी वेगळी प्रार्थना होते, तर "आपला देव मोठा" म्हणू नका. बाबा देव मानत नसतील, तर ते का मानत नाहीत हे बाबांनाच सांगू द्या. आणि प्रत्येक प्रश्नाला "तुला काय वाटतं?" म्हणून चेंडू परत टोलवू नका. हल्ली रील्स पाहून नवे पालक हे सर्रास करतात. मुलाला खरोखर माहिती हवी असते तेव्हा त्याची चिडचिड होते आणि चौथ्यांदा ते विचारतच नाही.

"उद्या सांगते" म्हणून विसरणं मात्र सगळ्यांत जास्त घडतं. स्कूटरवर, सिग्नलला उत्तर देण्याची घाई नको, पण प्रश्न हरवू देऊ नका. मी देव्हाऱ्याजवळच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात मुलाच्याच शब्दांत प्रश्न लिहून ठेवते. दिवेलागणीला निरांजन लावून झालं की त्यातला एक काढायचा, मूल विसरलं असलं तरी. उत्तर माहीत नसेल तर तसं सांगायचं आणि प्रश्न पुढच्या महिन्याच्या पानावर उतरवायचा.