टाकीत क्लोरीन किती घालायचा आणि तो शिल्लक आहे हे कसं तपासायचं

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात, म्हणजे नांदेड, किरकटवाडी, धायरी, खडकवासला या भागांत, गुलियन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे हातापायांतलं बळ घालवणाऱ्या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत दूषित पाण्यातूनही पोटात जाणारा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि घरोघरी पहिला प्रश्न निघाला, ‘कुठला आरओ घ्यायचा?’ प्रश्नच चुकीचा होता. हा जिवाणू क्लोरीनपुढे टिकत नाही. स्वच्छ पाण्यात क्लोरीन मिसळून अर्धा तास झाल्यावर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम मोकळा, म्हणजे कशालाही न चिकटलेला, क्लोरीन शिल्लक असेल, तर हा जिवाणू मेलेला असतो. अडचण अशी की शिल्लक किती आहे हे बहुतेक सोसायट्यांमध्ये कुणी मोजतच नाही.

आधी टीडीएस मीटर बाजूला ठेवा. ते पाण्यात विरघळलेले क्षार दाखवतं, जंतू नाही. ड्रेनेज मिसळलेल्या पाण्याचा आकडा २०० येऊ शकतो आणि निर्धोक बोअरच्या पाण्याचा ८००. भारतीय मानकानुसार (आयएस १०५००) टीडीएस ५०० पर्यंत चांगला, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा. खडकवासला धरणाच्या पाण्याचा टीडीएस मुळातच कमी असतो, त्याला आरओची गरज नाही. विक्रेता दोन कांड्या पाण्यात बुडवून वीज सोडतो आणि पाणी तपकिरी होतं, तो गाळ पाण्यातला नसतो. लोखंडी कांडी झिजून तो गंज तयार होतो. तुरटीचंही तेच: ती गढूळपणा खाली बसवते, जंतू मारत नाही.

टाकी धुणं

पंपाचा एमसीबी बंद करा, टाकी रिकामी करा, गाळ काढा, साबण न लावता ब्रशने घासा. मग १० लिटर पाण्यात १० ग्रॅम टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, कालवून ते पाणी भिंतींना आणि तळाला लावा, अर्धा तास राहू द्या, धुऊन काढून टाका. गच्चीवरच्या प्लास्टिकच्या टाकीला एवढं पुरे.

जमिनीखालच्या टाकीत मात्र जीव जातात, म्हणून तिथे घाई नको. सगळी झाकणं काही तास उघडी ठेवा आणि पंख्याने बाहेरची हवा आत सोडा. दिवा किंवा मेणबत्ती आत सोडून ‘विझली नाही, म्हणजे हवा ठीक आहे’ असं समजू नका. विषारी वायू असतानाही ज्योत जळत राहू शकते. आत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर दोन माणसं हवीत. उजेडासाठी बॅटरी वापरा, २३० व्होल्टचा बल्ब वायरने आत सोडायचा नाही. पेट्रोलचा पंप आत उतरवायचा नाही. टीसीएलचं पाणी माणूस वर आल्यावर बाहेरूनच फवारा. आतला माणूस कोसळला तर कुणीही मागोमाग उडी मारायची नाही. दोराने ओढा आणि १०१ ला फोन करा. टाकीचे डाग काढायला कुणी ॲसिड किंवा संडास साफ करायचं द्रव आणलं असेल, तर ते टीसीएलच्या जवळपासही येऊ देऊ नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद टाकीत तो काही श्वासांत माणसाला पाडतो.

द्रावण

एका प्लास्टिकच्या भांड्यात १ लिटर पाणी घ्या आणि त्यात ४० ग्रॅम टीसीएल थोडी थोडी सोडा. पावडर पाण्यात घालायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. हातमोजे, मास्क आणि शक्य असेल तर चष्मा घाला. ढवळून तासभर ठेवा, चुना खाली बसेल, वरचं निवळलेलं पाणी तेवढं काढून घ्या. तो पांढरा साका टाकीत गेला तर बॉल कॉक आणि व्हॉल्व्ह अडकतात. स्टीलच्या किंवा तांब्याच्या भांड्यात हे करू नका. द्रावण गडद रंगाच्या प्लास्टिकच्या डब्यात, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच नाही. आठवड्याने उरलेलं टाकून नवं करा. पावडरचा डबाही हवाबंद ठेवा, रॉकेल, तेल आणि रंगाच्या डब्यांपासून लांब.

मात्रा ठरवणं: सगळं इथेच चुकतं

‘हजार लिटरला पाच ग्रॅम टीसीएल’ हा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. ताज्या पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो, तेव्हा पाच ग्रॅममधून लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून थोडा जास्त क्लोरीन मिळतो. तीच पावडर उघड्या पोत्यात पावसाळाभर राहिली की १५ टक्क्यांवर येऊ शकते, मग मिळतो पाऊण मिलिग्रॅम. दुसरीकडे पाण्याची भूकही रोज सारखी नसते. क्लोरीन आधी गाळ, लोह, अमोनिया आणि शेवाळ यांवर खर्च होतो, त्यातून उरला तर पाण्याला संरक्षण देतो. पाच ग्रॅम टाकले म्हणजे काम झालं असं मानणाऱ्या सोसायटीच्या नळाला शून्य शिल्लक मिळणं अगदी नेहमीचं आहे.

म्हणून बादल्यांची चाचणी करा. स्वच्छ प्लास्टिकच्या चार बादल्यांत टाकीला येणारं पाणी मोजून दहा-दहा लिटर भरा. शेवाळलेली किंवा साबण लागलेली बादली स्वतःच क्लोरीन खाते आणि हिशेब बिघडवते, तेव्हा आधी ती घासून भरपूर पाण्याने धुवा. पहिल्या बादलीत काही घालू नका. बाकीच्या तिघींत सुई काढलेल्या सिरिंजने द्रावण घाला: अनुक्रमे १, २ आणि ३ मिली. ढवळा, झाका आणि अर्धा तास सावलीत ठेवा, कारण उन्हात क्लोरीन लवकर उडतो. बोअरचं पाणी असेल आणि पीएच ८ च्या वर असेल, तर तासभर ठेवा.

मग प्रत्येक बादलीतला शिल्लक क्लोरीन मोजा. बाजारात दोन तऱ्हेचे किट मिळतात. ओटी चाचणीत पाणी पिवळं होतं, डीपीडी चाचणीत गुलाबी. माझा स्पष्ट आग्रह डीपीडीचा आहे. ओटीचं रसायन अंगाला लागणं चांगलं नाही. शिवाय त्याचा रंग दहा सेकंदांत वाचला नाही तर अमोनियाला चिकटलेला क्लोरीनही रंग दाखवू लागतो, आणि जंतू मारायला तो फारच दुबळा असतो. पाच मिनिटांनी ‘छान पिवळं आलं’ म्हणणं ही स्वतःची फसवणूक आहे. डीपीडीमध्येही मोकळ्या क्लोरीनची, म्हणजे एक नंबरची गोळी वापरा. तीन नंबरची गोळी सोबत घातली तर एकूण क्लोरीन दिसतो, आपल्याला तो नको आहे. रंग पांढऱ्या कागदासमोर, दिवसाच्या उजेडात जुळवा. तपासलेलं पाणी टाकून द्या, ते प्यायचं नाही, टाकीत परत ओतायचं नाही.

डीपीडीचा एक सापळा आहे. क्लोरीन खूपच जास्त असेल तर गुलाबी रंग क्षणभर चमकतो आणि नाहीसा होतो. बघणाऱ्याला वाटतं शून्य आहे, तो आणखी पावडर ओततो, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या इमारतीचे डोळे चुरचुरतात. शून्य आलं की लगेच विश्वास ठेवू नका. तपासायचं पाणी एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटर नऊ भाग मिसळून पुन्हा तपासा, आलेला आकडा दहाने गुणा.

ज्या बादलीत ०.२ ते ०.५ उरला, तिची मात्रा तुमची. या पद्धतीचा मोठा फायदा असा की पावडरीचा जोर माहीत नसला तरी बिघडत नाही, कारण त्याच द्रावणाने टाकी भरायची असते. दहा लिटरला जितके मिली लागले, हजार लिटरला त्याच्या शंभरपट. २ मिली लागले असतील तर २०० मिली. नवं द्रावण केलं, टँकरवाला बदलला, पावसाळ्यात पाणी गढूळ आलं, की चाचणी पुन्हा.

पहिल्याच बादलीत, काही न घालता, ०.२ च्या वर आकडा आला तर महापालिकेचा क्लोरीन तुमच्यापर्यंत पोचतोय, वरून काही घालू नका. तिन्ही बादल्यांत शून्य आलं तर ४ आणि ५ मिली घालून बघा. ५ मिलीनेही काही उरत नसेल, तर त्या पाण्यात इतकी घाण किंवा अमोनिया आहे की ते क्लोरीनने सुधारत बसण्यात अर्थ नाही. टँकर असेल तर परत पाठवा. टाकीत उतरलं असेल तर पिण्याचा नळ बंद करून टाकी रिकामी करा. गढूळ पाण्यातही क्लोरीन वाया जातो, कारण जंतू गाळाच्या कणांआड लपतात. असं पाणी आधी तुरटीने निवळा, वरचं पाणी काढून घ्या, मग क्लोरीन.

टाकीत घालणं

टाकीच्या क्षमतेवर नाही, आत प्रत्यक्ष असलेल्या पाण्यावर मात्रा काढा. चौकोनी टाकीत लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजून गुणाकार करा आणि हजाराने गुणा, लिटर मिळतात. द्रावण पाणी भरत असतानाच ओता, म्हणजे ते आपोआप मिसळतं. भरलेल्या टाकीत वरून ओतलं तर एका कोपऱ्यात साचून राहतं. टँकर जमिनीखालच्या टाकीत रिकामा होत असताना घाला आणि अर्धा तास पंप सुरू करायचा नाही हे वॉचमनला बजावून ठेवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीपासून सर्वांत लांबच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या नळाचं पाणी तपासा. टाकीतलाच आकडा बघून समाधान मानू नका.

क्लोरीनने सगळं मरत नाही. क्रिप्टोस्पोरिडियमचं कवच त्याला दाद देत नाही. घरात तान्हं बाळ, केमोथेरपी चालू असलेला रुग्ण किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं माणूस असेल, तर पिण्याचं पाणी उकळाच. पुण्याच्या उंचीवर खळाखळा उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, वीस मिनिटं गॅस जाळण्याची गरज नाही. घरातल्या आरओचा किंवा प्युरिफायरचा कार्बन फिल्टर क्लोरीन काढून टाकतो, म्हणून त्याच्या साठवण टाकीत किंवा माठात पाणी उघडं पडतं. ते त्याच दिवशी संपवा, माठ दर आठवड्याला घासा आणि पाण्यात हात न बुडवता ओगराळ्याने पाणी घ्या.

आकडा शून्यच येत राहिला तर

एकाच वेळी तीन ठिकाणी मोजा: महापालिकेच्या नळजोडावर, टाकीत आणि शेवटच्या नळाला. नळजोडावर क्लोरीन आहे आणि टाकीत नाही, तर दोष टाकीत आहे: झाकण, भेग, ओव्हरफ्लोला जाळी नसणं किंवा शेजारचा ड्रेनेजचा चेंबर बघा. टाकीत आहे आणि नळाला नाही, तर इमारतीतली पाइपलाइन तपासा.

नळजोडावरच शून्य असेल तर पुरवठ्याच्या वेळा लक्षात घ्या. पुण्यात काही गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद ठेवून शुक्रवारी ‘उशिरा व कमी दाबाने’ सोडलं जातं. या काळात रिकाम्या वाहिनीत गळतीच्या फटींतून बाहेरचं पाणी ओढलं जातं. शुक्रवारचं पहिलं पाणी वाहू द्या आणि स्वच्छ आल्यावर मोजा. तरीही शून्य असेल तर तारीख, वेळ आणि आकडा लिहून क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ‘पाण्याला वास येतो’ एवढ्यावर पाणीपुरवठ्याच्या माणसाला फारसं काही शोधता येत नाही. ‘मंगळवारी सकाळी सात वाजता मोकळा क्लोरीन शून्य’ असं लिहिलं की कुठल्या व्हॉल्व्हपासून बघायला सुरुवात करायची हे त्याला कळतं.