अमेरिकेत नवा माणूस कामावर घेताना: आय-९ पासून ई-व्हेरिफायपर्यंत

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये किराणा दुकान चालवणाऱ्या एका ओळखीच्या काकांचा संध्याकाळी फोन आला. आवाज पडलेला. "अगं, त्या नव्या मुलाची माहिती भरली तर संगणकावर 'मिसमॅच' आलंय. कामाला चांगला आहे गं, पण आता त्याला घरी पाठवावं लागणार ना?"

मी म्हटलं, "काका, घरी अजिबात पाठवू नका. आधी त्याने फॉर्मवर जन्मतारीख कशी लिहिलीय ते वाचून दाखवा."

"शून्य पाच, शून्य आठ..."

मुलाचा जन्म ५ ऑगस्टचा. आपल्याकडच्या सवयीने त्याने आधी दिवस लिहिला, मग महिना. अमेरिकेत तीच तारीख ८ मे अशी वाचली जाते. काकांनी फॉर्मवर होतं तसंच संगणकात भरलं आणि सरकारी नोंदीशी ते जुळलं नाही. एवढ्यावरून एका पोराची नोकरी जाणार होती.

मी इथे पगार आणि कामगारांच्या नोंदी सांभाळण्याचं काम करते, आणि असे फोन मला वरचेवर येतात. दुकान, मोटेल, दवाखाना किंवा छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्या मराठी मंडळींना ही पद्धत नीट समजावी, आणि नव्याने नोकरीला लागणाऱ्या मुलामुलींना आपले हक्क कळावेत, म्हणून हे क्रमाने लिहिते आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा

आय-९ हा नव्या कामगाराची ओळख आणि कामाची परवानगी नोंदवण्याचा फॉर्म आणि ई-व्हेरिफाय ही संगणकीय तपासणी यांची लोक कायम गल्लत करतात. आय-९ सगळ्यांना बंधनकारक आहे. १९८६ च्या कायद्याने तो आला आणि ६ नोव्हेंबर १९८६ नंतर पगारावर घेतलेल्या प्रत्येकाचा तो भरावा लागतो. माणूस अमेरिकन नागरिक असो, ग्रीन कार्डवाला असो, नाहीतर तुमचा सख्खा भाचा असो.

ई-व्हेरिफाय ही त्यापुढची पायरी. आय-९ वरची माहिती इंटरनेटवरून सोशल सिक्युरिटी खात्याच्या आणि गृहसुरक्षा खात्याच्या नोंदींशी ताडून पाहणारी ही सरकारी सोय आहे. १९९७ मध्ये ती मोजक्या राज्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली, २००७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. तिला फी नाही. केंद्र सरकारची बरीचशी कंत्राटं घेणाऱ्यांना सप्टेंबर २००९ पासून तिची सक्ती आहे. बाकी राज्याराज्यावर अवलंबून. अ‍ॅरिझोनात २००८ पासून सगळ्या मालकांना सक्ती, फ्लोरिडात १ जुलै २०२३ पासून २५ किंवा जास्त कामगार असलेल्या खासगी मालकांना, जॉर्जियात दहापेक्षा जास्त कामगार असतील तर. न्यू जर्सीत खासगी मालकाला अशी सरसकट सक्ती नाही. मग आमचे काका त्यात का पडले? कारण त्यांच्या दुसऱ्या धंद्यात, एका छोट्या आयटी फर्ममध्ये, आपल्याकडून शिकायला आलेली मुलं काम करतात. विज्ञान-तंत्रज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला पदवीनंतरच्या ओपीटीवर, म्हणजे शिक्षणाला धरून इथे काही काळ काम करण्याच्या परवानगीवर, आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ हवी असेल तर मालक ई-व्हेरिफायमध्ये नोंदलेला असावाच लागतो. मुदतवाढीच्या अर्जात मालकाचं ई-व्हेरिफायमधलं नाव आणि कंपनी क्रमांकही द्यावा लागतो. पुण्या-मुंबईहून, नागपूरहून आलेल्या कितीतरी मुलांचं पुढचं पाऊल मालकाच्या या एका नोंदणीवर अडलेलं असतं.

नोंदणी

नोंदणी फक्त सरकारी संकेतस्थळावर करा. पैसे घेऊन नोंदणी करून देणारे मध्यस्थ भेटतील, पण छोट्या धंद्याला त्यांची गरज नसते. कंपनीचा करासाठीचा ओळख क्रमांक, पत्ता, धंद्याचा प्रकार आणि कामगारांची संख्या हाताशी ठेवा. शेवटी सरकारशी एक सामंजस्य करार करावा लागतो. तो लांबलचक आहे, पण वाचा. पुढे तुम्ही काय करू शकत नाही, ते सगळं त्यातच लिहिलेलं आहे. त्यानंतर संगणकावरच एक छोटा पाठ आणि परीक्षा असते. ती पास झाल्याशिवाय केस, म्हणजे एकेका कामगाराची तपासणी, उघडता येत नाही.

दोन फलक, एक सहभागाचा आणि एक कामाच्या हक्काचा, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, अर्जदारांना आणि कामगारांना दिसतील असे लावा. मागच्या खोलीत गोणींच्या आड लावलेला फलक म्हणजे न लावलेलाच.

पहिला दिवस: आय-९ चा पहिला भाग

हा भाग कामगाराने स्वतः भरायचा, नोकरी स्वीकारल्यानंतर आणि उशिरात उशिरा कामाच्या पहिल्या दिवशी. नोकरी देऊ केलेली नसताना भरून घ्यायचा नाही. दुसऱ्या कुणी भरून दिला, उदाहरणार्थ ग्रीन कार्डवर नुकत्याच आलेल्या आईचा फॉर्म मुलाने भरला, तर त्या मुलाने पुरवणी 'ए' वर सही करायची.

आपल्या लोकांच्या चुका इथे ठरलेल्या असतात, म्हणून इथे जरा थांबते.

पहिली चूक तारखेची. आधी महिना, मग दिवस, मग वर्ष. कामगार समोर बसलेला असताना त्याला तोंडी विचारा, "जन्म कुठल्या महिन्यातला?" आणि फॉर्मवर बोट ठेवून ताडून पाहा. दिवस १२ पेक्षा मोठा असेल तर चूक लगेच दिसते. १२ किंवा त्याहून लहान असेल तर ती लपून बसते.

दुसरी नावाची. आपल्या पासपोर्टवर बऱ्याचदा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. सोशल सिक्युरिटी कार्डावर त्यातलं एकच येतं, बँकेत तिसरंच काहीतरी. लग्नानंतर आडनाव बदललं, पण सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात कळवलं नाही, हेही नेहमीचं. नाव कायदेशीर कागदावर आहे तसं लिहायचं. घरी हाक मारतात ते लिहायचं नाही.

तिसरी चूक जुन्या नोंदीची. माणूस नागरिक झाला, शपथ घेतली, पेढे वाटले, आणि सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत तो अजून ग्रीन कार्डवालाच राहिला. मग त्याने 'नागरिक' या चौकटीवर खूण केली की यंत्र अडतं.

फॉर्मवर चूक सापडली तर खाडाखोड करून दडवू नका, पांढरी शाई तर नकोच. कामगाराने चुकीवर एक रेघ मारायची, बरोबर माहिती लिहायची आणि शेजारी आद्याक्षरं व तारीख घालायची.

कागद पाहणं: तीन दिवसांचा हिशोब

आय-९ चा दुसरा भाग मालकाचा. काम सुरू झाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत तो पूर्ण व्हायला हवा. सोमवारी रुजू झाला तर गुरुवारपर्यंत.

कागदांच्या तीन याद्या आहेत. 'ए' यादीतला एक कागद पुरतो, कारण त्यातून ओळख आणि कामाची परवानगी दोन्ही सिद्ध होतात: अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड, फोटो असलेलं कामाच्या परवान्याचं कार्ड म्हणजे ईएडी, किंवा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांसाठी भारतीय पासपोर्ट आणि सोबत आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद. नाहीतर 'बी' आणि 'सी' यादीतला एकेक, म्हणजे बहुतेक वेळा ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी कार्ड. त्या कार्डावर कामासाठी गृहसुरक्षा खात्याची परवानगी लागेल असा शेरा असेल, तर ते कार्ड 'सी' यादीत चालत नाही. ई-व्हेरिफायवाल्या मालकाकडे 'बी' यादीतल्या कागदावर फोटो हवा.

कुठला कागद दाखवायचा, हे कामगार ठरवतो. मालक नाही. "तू भारतातून आलायस, मग ग्रीन कार्डच दाखव" असं म्हणणं भेदभाव आहे आणि त्याबद्दल न्याय खात्याकडे तक्रार होऊ शकते. आपल्याच माणसाला आपणच जास्तीचे कागद मागतो, हे मी बरेचदा पाहिलं आहे. मागणाऱ्याच्या मनात भीती असते, पण ज्याला मागितले जातात त्याच्या मनावर ओरखडा उठतो.

मूळ कागद कामगाराच्या समोर पाहायचे. १ ऑगस्ट २०२३ पासून ई-व्हेरिफायमधल्या नियम पाळणाऱ्या मालकांना दुरूनही पाहता येतात: आधी कागदांच्या दोन्ही बाजूंच्या प्रती मागवायच्या, मग थेट व्हिडिओवर कामगाराने तेच कागद दाखवायचे, आणि स्वच्छ प्रती जपून ठेवायच्या. घरून काम करणाऱ्यांना ही मोठी सोय झाली. मात्र एका ठिकाणी ही पद्धत वापरली तर तिथल्या सगळ्यांना तीच द्यावी. फक्त पूर्ण वेळ घरून काम करणारे आणि प्रत्यक्ष येणारे असे दोन गट करता येतात.

संगणकावर केस उघडणं

हीही त्याच तीन दिवसांत. आय-९ पुढ्यात ठेवा आणि त्यावरूनच माहिती भरा. आठवणीतून किंवा बायोडेटावरून भरू नका. अमेरिकन पासपोर्ट, ग्रीन कार्ड किंवा ईएडी असेल तर पडद्यावर फोटो येतो. तो कार्डावरच्या फोटोशी जुळवायचा, समोर बसलेल्या चेहऱ्याशी नाही.

कामगार नुकताच अमेरिकेत आला असेल आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक अजून मिळाला नसेल, तर थांबायचं ते केस उघडायला. आय-९ वेळेत पूर्ण करा, उशिराचं कारण नोंदवा, क्रमांक आल्यावर लगेच केस उघडा. दरम्यान तो काम करू शकतो आणि त्याला पगारही द्यायचा.

बहुतेक केसेसचा निकाल काही सेकंदांत येतो: कामाची परवानगी आहे. केस क्रमांक आय-९ वर लिहा किंवा निकालाचं पान त्याला जोडा. झालं.

जुळलं नाही तर

यंत्र आधी भरलेली माहिती पुन्हा तपासायला सांगतं. घाईत लोक पुढचं बटण दाबतात, काकांनीही दाबलं होतं. त्यांच्यासारखी भरण्यातली चूक असेल तर ती केस त्याच कारणाने बंद करायची आणि बरोबर माहितीने नवी उघडायची. त्यांनी तसं केलं आणि चहा गार व्हायच्या आत होकार आला.

माहिती बरोबर असूनही जुळली नाही, तर त्याला तात्पुरती अ-पुष्टी म्हणतात. यातला 'तात्पुरती' हा शब्द मालकाने मनावर कोरून घ्यावा. कामगाराला एकट्याला बाजूला बोलावून सांगा, गल्ल्यावर चारचौघांत नको. पुढच्या कारवाईची सूचना छापून त्याच्या हातात द्या. दाद मागायची की नाही हे तो ठरवतो, आणि केस पुढे पाठवण्यासाठी एकूण १० सरकारी कामाचे दिवस असतात. मागायची म्हणाला तर केस पाठवल्यापासून ८ सरकारी कामाच्या दिवसांत त्याने सोशल सिक्युरिटीच्या कार्यालयात किंवा गृहसुरक्षा खात्याशी संपर्क साधायचा. कागदावर कुठे जायचं ते लिहिलेलं असतं.

या काळात त्याला काढायचं नाही, पाळ्या कापायच्या नाहीत, पगार अडवायचा नाही, प्रशिक्षण लांबवायचं नाही. कितीही दिवस लागले तरी. काम थांबवता येतं ते अंतिम अ-पुष्टी आली तर, किंवा त्याने स्वतःच दाद मागायची नाही असं ठरवलं तर.

नोकरीला लागणाऱ्या मुलांनो, ती सूचना मिळाली की त्याच दिवशी वाचा आणि निघा. लाजून गप्प बसू नका. नोंद चुकलेली असणं हा गुन्हा नाही, पण आठ दिवस गेले तर बरोबर माणसाचीही नोकरी जाते. 'माय ई-व्हेरिफाय' या सरकारी सोयीवर स्वतःची नोंद आधीच तपासता येते, नोकरी शोधायला लागलात की तेवढं करून ठेवा.

जे कधीच करायचं नाही

नोकरी देण्याआधी तपासून पाहायचं नाही. फक्त परदेशी वाटणाऱ्यांची केस उघडायची नाही. नोंदणीनंतरच्या प्रत्येक नव्या माणसाची उघडायची. आणि जुन्या कामगारांची उघडायची नाही, केंद्रीय कंत्राटांचे काही अपवाद सोडून.

नंतरची राखण

आय-९ कामावर घेतल्यापासून ३ वर्षं किंवा नोकरी सुटल्यापासून १ वर्ष, यातलं जे उशिरा संपेल तोपर्यंत जपायचा.

ईएडी किंवा आय-९४ ची मुदत संपण्याच्या तारखा कॅलेंडरवर घाला. ग्रीन कार्ड किंवा अमेरिकन पासपोर्ट दाखवलेल्यांची पुन्हा तपासणी करायची नसते. पूर्वी ईएडीचं नूतनीकरण वेळेत मागितलं की अनेकांना आपोआप मुदतवाढ मिळायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना बहुतेक प्रकारांत ती मिळत नाही, त्यामुळे एच-४ वर, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, काम करणाऱ्या कितीतरी जणींनी अर्ज शक्य तितका लवकर करायला हवा. ओपीटीच्या २४ महिन्यांच्या वाढीचं वेगळं आहे: अर्ज वेळेत केला असेल तर संपलेलं ईएडी, अर्जाची पावती आणि विद्यापीठाने शिफारस केलेला आय-२० हा विद्यार्थ्याचा फॉर्म यांवर निर्णय येईपर्यंत, जास्तीत जास्त १८० दिवस काम करता येतं. मुदत संपलेलं कार्ड पाहून मालक दचकतो, म्हणून मुलांनी तिन्ही कागद एकत्र घेऊन जावं. मालकाने त्यांची नोंद आय-९ वर करायची. ई-व्हेरिफायमध्ये त्यासाठी नवी केस उघडायची नसते.