मॅग्नेशियम ग्लायसिनेट: बाटली आधी उलटी करा

रात्री पोटरीत वांब येतात म्हणून आमच्या शेजारच्या काकूंनी तळजाई टेकडीवर फिरायला येणाऱ्या मैत्रिणीचं ऐकून मॅग्नेशियम ग्लायसिनेट आणलं. बाटलीवर ठळक '१०००'. "एवढं झेपेल का गं मला?"

बाटली उलटी करा. मागे बारीक अक्षरांत 'एलिमेंटल मॅग्नेशियम' असतं, तोच कामाचा आकडा. पुढचे १००० मिलिग्रॅम हे मॅग्नेशियम आणि ग्लायसिन या अमिनो आम्लाचं मिळून वजन. त्यात मॅग्नेशियम जेमतेम १४ टक्के, म्हणजे १४० मिलिग्रॅम. काकूंच्या बाटलीत तर तेही दोन गोळ्या मिळून! 'सर्व्हिंग' म्हणजे किती गोळ्या, हे मागेच छापलेलं असतं. एलिमेंटलचा आकडाच नसेल तर बाटली दुकानदाराला परत द्या. स्वस्त मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये ६० टक्के मॅग्नेशियम असतं खरं, पण अंगी कमी लागतं आणि पोट बिघडवतं. मॅग्नेशियम सायट्रेटनेही शौचाला पातळ होऊ शकते. बद्धकोष्ठ असणाऱ्यांना ते सोयीचंच.

गोळी सुरू करण्याआधी क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनी कशी चालते हे सांगणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट काढून बघा. जास्तीचं मॅग्नेशियम किडनी बाहेर टाकते. तीच अधू असेल तर ते रक्तात साठतं. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळीला हात लावू नये.

मग वेळ ठरवा. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब. डॉक्सीसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक्स चालू असतील तर तेवढे दिवस मॅग्नेशियम बंद ठेवलेलं बरं, नाहीतर औषधच नीट शोषलं जात नाही. मला विचाराल तर रात्री जेवणानंतर, तेही एका गोळीपासून. अमेरिकेत पूरक गोळ्यांतून प्रौढांसाठी रोज ३५० मिलिग्रॅमची मर्यादा धरतात. जुलाब लागले तर प्रमाण कमी करा.

आता कटू बातमी. वयस्कर माणसांच्या वांबांवर मॅग्नेशियमचा फारसा उपयोग होत नाही, असं अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०२० च्या कॉक्रेन आढाव्यात आहे. हे ऐकून काकूंचा चेहरा पडला. "मग आठशे रुपये गेले म्हणायचे!"

कमतरता भरून काढायची तर ताटही आहेच. लाल भोपळ्याच्या ३० ग्रॅम सोललेल्या बियांत साधारण १५० मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं, म्हणजे काकूंच्या दोन गोळ्यांहून थोडं जास्तच. आणि घारगे करताना आपण त्याच बिया केराच्या टोपलीत टाकतो.

काकूंनी बाटली टाकली नाही. फ्रिजवर चिठ्ठी लावलीय: 'थायरॉइड सकाळी ६, मॅग्ने. रात्री ९.' शेजारी वर्तमानपत्रावर बिया वाळत घातल्यात.