कापलेल्या पानाने माझी केलेली दिशाभूल

वनस्पतींच्या प्रतिकारयंत्रणेवर काम सुरू करणाऱ्याला मूळ गोष्ट ठाऊक असते: बुरशीच्या पेशीभित्तिकेतून सुटलेले कायटिनचे तुकडे वनस्पतीच्या पेशीपटलावरील ग्राही प्रथिने (रेणू ओळखून पेशीला इशारा देणारी प्रथिने) ओळखतात, काही मिनिटांतच पेशीत कॅल्शियम शिरते, हायड्रोजन पेरॉक्साइड वेगाने तयार होते आणि काही तासांनी पेशीभित्तिकेलगत कॅलोज हा भित्तिका जाड करणारा पदार्थ साचू लागतो. भातातील सीबिप हे असे ग्राही प्रथिन २००६ मध्ये उजेडात आले. हे सारे पाठ असूनही मी फसलो.

पानांच्या गोल चकत्या कापून मी त्या लगेच कायटिनच्या द्रावणात सोडत असे आणि दुसऱ्या दिवशी कॅलोज दाखवणाऱ्या ॲनिलिन ब्लू या रंगाने रंगवून अतिनील प्रकाशात पाहत असे. चमकणारे ठिपके भरपूर दिसत. तुलनेसाठी मात्र मी न कापलेले, रोपावरचेच पान घेत होतो, आणि चार महिन्यांचे काम तिथेच वाया गेले. पाते लागताच फाटलेल्या पेशींमधून एटीपी (पेशीचा ऊर्जा पुरवणारा रेणू) आणि वनस्पतीच्याच पेशीभित्तिकेतील पेक्टिनचे तुकडे बाहेर पडतात. शेजारच्या पेशी त्यांना इजेची खूण म्हणून ओळखतात आणि कॅल्शियम, पेरॉक्साइड, कॅलोज ही साखळी कायटिनविनाही सुरू होते. म्हणून कंट्रोलची, म्हणजे तुलनेची, चकती त्याच वयाच्या पानातून, त्याच पात्याने, त्याच वेळी कापलेली हवी आणि तिला कायटिन वगळता बाकी सर्व तेच द्रावण मिळायला हवे. पेरॉक्साइड मोजायचे असेल तर चकत्या रात्रभर पाण्यावर तरंगत ठेवाव्यात, म्हणजे कापल्यामुळे आलेली उसळी ओसरते. तासाभराची विश्रांती पुरते असे सांगणाऱ्या वरिष्ठाचे ऐकू नये. मी ऐकले होते.

धास्ती घेण्याचे मात्र कारण नाही. ही चूक एका योग्य कंट्रोलने सुटते, आणि सुरुवातीला रंग नीट न चढणे हे बहुतेकांच्या वाट्याला येते. मार्गदर्शक निवडताना तो निकालाचे छायाचित्र आधी मागतो की कंट्रोलचे, एवढे पाहावे. माझ्या मते मोठ्या नावापेक्षा ही सवय अधिक मोलाची आहे.

मृत पेशी दिसल्या म्हणजे वनस्पती जिंकली, असे कधीही लिहू नका. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पेशींवर जगते, त्यामुळे संसर्गाच्या जागी पेशीने स्वतःहून मरणे तिची उपासमार करते; बोट्रायटिस सिनेरिया ही बुरशी मात्र मृत ऊतींवर पोसली जाते आणि तोच मृत्यू तिच्या पथ्यावर पडतो. ट्रिपॅन ब्लू हा रंग मृत पेशी आणि बुरशीचे तंतू दोन्ही रंगवतो, तेव्हा डागाबाहेर तंतू किती पसरले आहेत हे त्याच पानावर मोजावे.