गोधडी शिवायला बसण्याआधी

गोधडीचं काम उन्हाळ्यातच काढावं. धुतलेले थर कडक वाळतात, उजेड भरपूर मिळतो आणि पावसाळी गारव्याआधी पांघरूण तयार होतं.

कपाटातली जुनी लुगडी, साड्या, धोतरं बाहेर काढली, की आधी ज्याचं त्याला विचारा. आजीचं एखादं लुगडं तिला तसंच ठेवायचं असतं. आजी नसेल तर आईला, मावशीला विचारा. कात्री लागल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

निवड करताना मात्र घाई नको. फक्त सुती घ्या. शंका असेल तर कडेचा एक धागा चिमट्यात धरून जाळा: सुती धागा कागद जळल्याचा वास देतो आणि त्याची मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. पॉलिस्टर घाम टिपत नाही, शिवताना घसरतं. मग प्रत्येक कापड खिडकीशी उजेडात धरा. बसण्याची जागा आणि पायांशी घासणारी कड आधी विरते; तो भाग आतल्या थरात घाला, धड भाग वर-खाली. आणि नवंकोरं जाड कापड विरलेल्या थराला जोडू नका, हे मी प्रत्येकाला सांगते. ओढ बसली की जुनंच फाटतं. हाताला सारखी लागणारी कापडंच एकत्र आणा.

नऊवारी लुगडं साधारण 8.2 मीटर भरतं. त्याचे दोन-दोन मीटरचे चार तुकडे पडतात, आणि पन्हा 45 इंचांच्या आसपास असल्याने जोड न देता एका माणसाची चार थरांची गोधडी होते. साडेपाच मीटरच्या साडीतून असे दोनच तुकडे निघतात. उरलेला दीड मीटर ठिगळांसाठी किंवा तान्ह्या बाळाच्या छोट्या गोधडीसाठी ठेवा. टाक्यांनी कापड आवळतं, तेव्हा लांबीत दोन-तीन इंच हातचे राखा.

कापण्यापूर्वी फॉल उसवा, अंगाला टोचणारी जर काढून टाका. कोमट पाण्यात भिजवून जुनी खळ घालवा, नवी देऊ नका. लाल आणि गर्द निळ्या कापडावर ओलं पांढरं फडकं घासून पाहा. रंग सुटत असेल तर ते वेगळं धुवा, तरीही सुटला तर बाजूला ठेवा. वाळल्यावर इस्त्री.

सामान थोडंच लागतं: जाड सुती दोरा, मोठ्या नाकाची लांब सुई, अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची टोपी), धारदार कात्री, सेफ्टी पिना आणि दोऱ्याला लावायला मेणाचा तुकडा. दाभण नको, त्याने जुन्या कापडाला भोकं पडतात. सुईत दोरा हातभरच ओवा, लांब दोऱ्याला गाठी पडतात.

खोली झाडून थर जमिनीवर ताणून पसरा, कोपऱ्यांवर भरलेले डबे ठेवा. सुरकुत्या मधून कडेकडे सारा आणि वीतभर अंतरावर कच्चे टाके घाला. यासाठी शेजारणीला बोलवा, एकटीने चारही टोकं ताणली जात नाहीत. मग कडेपासून आत धावदोरा, म्हणजे वर-खाली जाणारे साधे टाके, सुरू करा.