समलिंगी जोडप्यांनी कोणते कागद करून ठेवावेत

सुप्रीम कोर्टाने 17 ऑक्टोबर 2023 ला समलिंगी लग्नाला कायदेशीर मान्यता नाकारली. हा अन्यायच आहे. पण कायदा बदलेपर्यंत थांबू नका, कागद आत्ताच करा.

आधी मृत्युपत्र, दोघांचं वेगवेगळं. ते नसेल तर सगळं कायदेशीर वारसांकडे जातं, जोडीदाराच्या हाती काही उरत नाही. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. नोंदणीची सक्ती नाही, तरी सब-रजिस्ट्रारकडे नोंदवाच: घरचे कोर्टात गेले तर वाद सहीवर आणि मानसिक स्थितीवर होतो. त्यासाठी त्याच दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेटही जोडा. साक्षीदार दोन, तुमच्यापेक्षा वयाने लहान. जोडीदार त्यांत नको.

बँकेत जॉइंट खातं उघडा, 'आयदर ऑर सर्व्हायवर' पद्धतीचं, म्हणजे दोघांपैकी कोणीही व्यवहार करू शकतो आणि एक गेला तर दुसऱ्याला खातं चालवता येतं. यावर बंदी नाही, असं अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय; शाखेत अडवलं तर ते पत्रक दाखवा. नॉमिनी मात्र मालक ठरत नाही, त्यामुळे नुसत्या नॉमिनेशनवर विसंबू नका.

अत्यवस्थ झाल्यावर उपचार थांबवायचे का, हे ठरवण्यासाठी आगाऊ वैद्यकीय निर्देश लिहा. त्यात जोडीदाराचं नाव घाला, दोन साक्षीदारांसमोर सही करा आणि नोटरी करून घ्या.